हलक्या मोलाच्या डोमेन-नावांची किंमत कशी ठरवावी
(ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी मजकडे व्याख्यानाचा विषय मागितला आणि मी तो कळविला, तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. "गुरुजी, हा विषय आपलाच ना? की नातवाने खोडी केली?" त्यांची शंका रास्त होती. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन शिक्षकाचा अभ्यासक्रम केलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षे गणित आणि मराठी शिकविलेला माणूस. संगणकाचे शास्त्र मला येत नाही, आणि ते येते असा आवही मी आणणार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या घरातील सुमारे अडीच लक्ष रुपये या धंद्यात गुंतले, आणि त्यांचा हिशेब करता करता जे मला समजले, ते आपल्या ज्ञातीतील तरुणांच्या कानी घालणे मी माझे कर्तव्य समजतो. आजमितीस असे नवे धंदे करणारी मुले पुष्कळ घरांत आहेत आणि वडीलधाऱ्यांना त्यांतले काही कळत नाही, म्हणून ती एकटीच बुडतात किंवा एकटीच तरतात.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. महाजालावर कोणास आपले दुकान मांडावयाचे असेल तर त्यास एक नाव लागते. शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' असे येते, ते हे नाव. यास डोमेन म्हणतात. पहिले 'डॉट कॉम' नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. १९९५ पर्यंत अशी नावे फुकट मिळत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात नोंदणी करणाऱ्या अमेरिकन कंपनीने दोन वर्षांस शंभर डॉलर आकारण्यास आरंभ केला. आपल्या देशाचे 'डॉट इन' २००५ साली सर्वांस खुले झाले, आणि २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असेही नाव घेता येते. ही नावे पहिल्या येणाऱ्यास मिळतात. म्हणून कोणी दूरदृष्टीचा माणूस चांगली नावे अगोदर घेऊन ठेवतो आणि पुढे गरजवंतास नफ्याने विकतो. २०१९ साली 'व्हॉइस' या एका इंग्रजी शब्दाचे डॉट कॉम नाव तीन कोटी डॉलरांस विकले गेले. असल्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात आणि आपल्या मुलांची झोप उडते.

परंतु मी आज त्या नावांविषयी बोलणार नाही. ती हिऱ्यांची पेढी आहे आणि आपण तिच्या पायरीवरही नाही. मी बोलणार आहे ते शंभरापासून हजार-दीड हजार डॉलरपर्यंत ज्यांची योग्यता आहे अशा हलक्या नावांविषयी. कारण आपल्यासारख्या मध्यम स्थितीच्या माणसाच्या हाती तीच येतात, आणि त्यांची किंमत ठरविण्यातच माणूस चुकतो.

माझा पुतण्या पदविकाधारक आहे. २०२२ साली त्याची नोकरी सुटली आणि घरी बसून करता येईल असा धंदा म्हणून त्याने १४० नावे घेतली. पहिल्या वर्षी नोंदणी स्वस्त पडते. सरासरी साडेसहाशे रुपये धरून एकूण ९१,००० रुपये लागले. पुढल्या वर्षी नूतनीकरणाचा दर नावामागे ११०० रुपये झाला. पहिल्या वर्षाची सवलत ही गिऱ्हाइकास दुकानात बोलाविण्यापुरती असते, हे आपणां व्यापारी ज्ञातीच्या लोकांस सांगावयास नको; पण त्यास कोणी सांगितले नव्हते. त्याने पतसंस्थेतून कर्ज काढून १,५४,००० रुपये भरले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, तो माझ्याकडे आला. सौ.च्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी काही रक्कम बाजूस ठेवली होती, हे त्यास ठाऊक होते. मान खाली घालून तो म्हणाला, "काका, एक लाख सत्तेचाळीस हजार चारशे द्या. नाही दिलेत तर सगळी नावे जातील."

मी म्हणालो, "आधी वही दाखव." वही नव्हतीच. मग आम्ही दोघे तीन दिवस माडीवर बसलो आणि ती तयार केली.

त्या वहीतून जे निघाले ते असे. पहिल्या वर्षी त्याने एकाही नावावर किंमत लिहिली नव्हती. 'आपला देकार कळवा' एवढीच पाटी लावली होती. वर्षभरात एक देकार आला, साठ डॉलरांचा. याने उत्तरादाखल पाच हजार डॉलर मागितले. तो गिऱ्हाईक पुन्हा फिरकला नाही. दुसऱ्या वर्षी पश्चात्ताप होऊन त्याने उलट टोक गाठले आणि सरसकट सर्व नावांवर ९९ डॉलर लिहिले. वर्षात सहा नावे गेली. एक तर पाटी लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले, आणि आठवड्याने तेच नाव दुसऱ्या व्यापाऱ्याच्या यादीत कैक पट किमतीस लागलेले त्याला दिसले. म्हणजे उत्तम तेवढे दुसऱ्याने वेचून नेले आणि गाळ आपल्याकडे राहिला. सहा नावांचे ५९४ डॉलर. त्यातून दलाली शेकडा वीस वजा जाता हाती आले सुमारे ३९,००० रुपये. त्या वर्षीचे नूतनीकरण मी आताच सांगितले, १,५४,०००. त्या किमतीस वर्षाकाठी चोवीस नावे विकली असती तर तोंडमिळवणी झाली असती.

येथे मला आमच्या वडिलांच्या दुकानाची आठवण झाली. आपण कासार. तांब्यापितळेची भांडी आणि बांगड्या हा आपला परंपरेचा व्यवसाय. आमची आजी बांगड्या भरी. बांगड्यांची किंमत ती आधीच सांगून मोकळी होई. डझनामागे दोन पैशांकरिता कोणी घासाघीस करीत बसत नाही, आणि बसले तर बांगडीवालीचा दिवस फुकट जातो. हंडा, घंगाळ घ्यावयाचे झाले म्हणजे मात्र वडील गिऱ्हाइकास बैठकीवर बसवीत, पाणी देत, वजन करून दाखवीत, आणि मग बोलणे होई. हलक्या मालाला उघडी किंमत आणि भारी मालाला बोलणी, हा भेद त्यांना कोणी पुस्तकातून शिकविलेला नव्हता. डोमेनांच्या बाजारातही नेमके तेच आहे. ज्यास तीन-चारशे डॉलरांचे नाव हवे, तो बहुधा लहान दुकानदार किंवा नवा उद्योग काढणारा तरुण असतो. त्याच्या मनात दोन-तीन नावे असतात. एकावर किंमत लिहिलेली दिसली आणि ती खिशास झेपणारी असली तर तो ते घेऊन टाकतो. 'देकार कळवा' वाचले की त्याला वाटते, हा आपल्याला नागविणार. म्हणून हलक्या नावावर किंमत उघड असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलणी राखावी ती वरच्या दहापाच नावांपुरती, आणि तेथेही आपल्या मनातला तळ आधी वहीत लिहून ठेवावा. साठ डॉलरच्या देकाराला पाच हजार हे उत्तर नव्हे, तो दरवाजा लावून घेणे झाले. त्याच दिवशी नम्रपणे चारशे पंच्याण्णव सांगितले असते तर कदाचित तीनशेला सौदा झाला असता.

चारशे पंच्याण्णव का, पाचशे का नव्हे, असे कोणी विचारील. बाटाच्या दुकानातील ९९ रुपये ९५ पैशांची पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे. पाच पैशांनी कोणी श्रीमंत होत नाही, पण शंभराचा उंबरठा ओलांडला नाही असे मनास वाटते. ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे. अमेरिकेतील गिऱ्हाईकही त्याच मातीचा.

भांड्यांच्या आणि नावांच्या धंद्यात एक मोठे अंतर मात्र आहे, आणि तेच न कळल्यामुळे पुतण्या फसला. पितळेची घागर चेपली, गळकी झाली, दहा वर्षे विकली गेली नाही, तरी तिला मोड आहे. वजनाची किंमत कोठे जात नाही. वडील म्हणत, आपल्या दुकानात आग लागली तरी भंगार उरेल. डोमेन-नावास मोड नाही. ते फळीवर ठेवण्याचे भाडे दरसाल द्यावे लागते आणि ज्या वर्षी ते दिले नाही त्या वर्षी नाव नाहीसे होते. मुदत संपल्यावर सवलतीचे काही दिवस मिळतात, पुढे तीस दिवस दंड भरून सोडवून घेता येते, त्यानंतर ते कोणालाही खुले. म्हणजे ही घागर नव्हे, ही भाजी आहे; फक्त ती रोज न वाळता वर्षातून एकदाच वाळते. हे भाडेही स्थिर नाही. 'डॉट कॉम'चा घाऊक दर २०२१ च्या पूर्वार्धात ७.८५ डॉलर होता, तो चार वेळा वाढून सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. त्यावर किरकोळ विक्रेत्याचा नफा आणि आपला कर.

आता मुख्य हिशेबाकडे येतो. विद्यार्थ्यांनी वह्या काढल्या असत्या तर मला आनंद झाला असता. या धंद्यात मुरलेली माणसे सांगतात की चांगली निवड असूनही वर्षाकाठी शंभर नावांत एकदोनच विकली जातात. आमची उरली होती १३४. म्हणजे वर्षास दोन विकली जातील असे धरू. नूतनीकरण १,४७,४००. प्रत्येक विक्रीने दलाली जाऊन ७३,७०० रुपये आणावयास हवेत. डॉलर त्र्याऐंशीचा आणि दलाली शेकडा वीस धरली तर नावावर सुमारे ११०० डॉलर किंमत लिहावी लागेल, आणि तीही निव्वळ बुडू नये म्हणून. नफ्याचे नाव नाही. मी पुतण्यास विचारले, "यातली अकराशे डॉलरांच्या योग्यतेची किती?" त्याने यादी दोनदा वाचली आणि म्हणाला, "नऊ."

कोणी म्हणेल, किंमत कमी करावी, विक्री वाढेल. वाढेलही. पण किती वाढली पाहिजे ते पाहा. अकराशेची किंमत चारशे चाळीसवर आणली, तर विक्री अडीचपट व्हावयास हवी, तेव्हा कोठे पहिल्या ठिकाणी येऊन पोहोचू. ९९ वर आणली तर ती अकरापट हवी. ज्या वस्तूचा गिऱ्हाईक जगात चार-पाचच माणसे आहेत, त्या वस्तूची विक्री किंमत उतरवून अकरापट होत नाही. साखर स्वस्त झाली तर लोक दोन किलो अधिक नेतील. पण एखाद्या तालुक्याचे नाव आणि त्यापुढे 'ट्रॅक्टर' हा शब्द अशा डोमेनाचा गिऱ्हाईक त्या तालुक्यातील ट्रॅक्टरवाल्यांखेरीज कोण? ते फुकट दिले तरी दुसरा कोणी घेणार नाही. तेव्हा तोंडमिळवणी किंमत बदलून होईना. ती नावे कमी करूनच होणार होती. हे त्या तिसऱ्या दिवशी दुपारी आम्हां दोघांस एकदमच दिसले. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही.

मग छाटणी. सर्वांत आधी तीन नावे काढली. त्यांत प्रसिद्ध कंपन्यांच्या मुद्रा होत्या. यांना किंमत लावावयाचीच नसते. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव वापरण्यास मनाई केली, आणि २००४ साली 'सत्यम इन्फोवे'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन-नावासही व्यापारी मुद्रेप्रमाणे संरक्षण आहे असे ठरविले. दुसऱ्याच्या नावलौकिकावर पैसा मागणे हा व्यापार नव्हे. पुतण्या म्हणाला, "काका, पण त्यांचीच तर सर्वांत जास्त किंमत येईल." मी म्हटले, "बाबा रे, नोटीस येईल."

बाकीच्या नावांस मी एकच प्रश्न लावला. हे नाव विकत घेणारा माणूस कोण, तो आज कोणता धंदा करतो, आणि हे नाव त्यास मिळाले तर वर्षाकाठी त्यास काय अधिक मिळेल? ज्यास उत्तर नाही ते नाव रद्द. मुलाने विकल्या गेलेल्या नावांच्या याद्या पाहून आपली नावे निवडली होती. त्या याद्या जरूर पाहाव्यात, अजमासाला उपयोगी आहेत. परंतु शाळेच्या फलकावर पहिल्या आलेल्या मुलांची नावे असतात, नापास झालेल्यांची नसतात, हे विसरू नये. विकले गेलेले नाव यादीत येते. न विकता वाळून गेलेली नावे कोठे नोंदलेली नाहीत.

अशा रीतीने ९४ नावे सोडली आणि ४० ठेवली. सोडताना त्यास वाईट वाटले; ६१,००० रुपये तर त्यांच्या पहिल्या नोंदणीतच गेले होते. पण गेलेला पैसा किंमत ठरविताना हिशेबात धरावयाचा नसतो. आपल्याला काय पडले हे गिऱ्हाईक विचारीत नाही. नूतनीकरणाचे ४४,००० मी दिले. शस्त्रक्रिया चार महिने पुढे गेली, सौ.ने तक्रार केली नाही, याचा उल्लेख येथे केला तर ती रागावेल, तरी करतो.

उरलेल्या चाळिसांची किंमत एकसारखी ठेविली नाही. नऊ भारी नावांस साडेबाराशेपासून वर, आणि तेथेच देकारास जागा. मधल्या नावांस चारशे ते सातशे, उघड. तळच्या काही नावांवर २४५ डॉलर लिहिले आणि ठरविले की मुदत भरण्याच्या दोन महिने आधी ती ९५ वर आणावयाची. न गेल्यास सोडून द्यावयाची. मेथीची जुडी संध्याकाळी निम्म्याने देतात, तद्वत्. मात्र मधल्या आणि भारी नावांची किंमत दर आठवड्याला हलवू नये. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी परत येतो आणि मधल्या काळात किंमत उतरलेली दिसली तर तो आणखी सहा महिने थांबतो.

जी नावे केवळ आपल्या मुलुखातल्या दुकानदारांस उपयोगी, त्यांवर मी डॉलर पुसून रुपये लिहावयास लावले. डॉलर पाहिला की तालुक्याचा व्यापारी बिचकतो. एका गृहस्थाकडे मी स्वतः गेलो. त्यांच्या आडनावाचे आणि धंद्याचे जुळलेले नाव आमच्याकडे होते. त्यांनी चहा दिला, सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, नाव माझे, धंदा माझा, मग पैसे तुम्हांला कसले?" मला उत्तर सुचले नाही. ते नाव आम्ही त्यांस नोंदणीच्या खर्चात देऊन टाकले. मास्तरकी अंगात मुरलेला माणूस व्यापार पुरता करू शकत नाही, हे मला मान्य आहे.

पुढल्या वर्षाचा ताळा असा. बाहेरच्या गिऱ्हाइकांस दोन नावे गेली. एक ३९५ डॉलरांस, दुसरे ६९५ ला. दलाली वजा जाता सुमारे ७३,००० रुपये. चव्वेचाळीस हजार वजा करता २९,००० उरले. हा धंदा प्रथमच कोरड्या जमिनीवर आला. त्यानंतर आणखी सात नावे गाळली आणि तीस ठेवली, नूतनीकरण ३३,०००. एका भारी नावाचा सौदा १४५० डॉलरांस ठरला, दहा हप्त्यांनी. हप्त्याची सोय हलक्या गिऱ्हाइकास फार उपयोगी पडते आणि त्यामुळे पुरी किंमत मिळते. शेवटचा हप्ता मिळेपर्यंत नाव त्रयस्थ मध्यस्थाकडे राहते. त्या गृहस्थाने चार हप्ते भरले आणि थांबला. करारान्वये नाव परत आले आणि भरलेले हप्ते आमच्याकडे राहिले. सुमारे ४०,००० रुपये. पुतण्याने आनंदाने तोंड गोड केले. मला मात्र त्या अनोळखी माणसाचे वाईट वाटत राहिले. त्याचाही काही उद्योग बुडाला असेल.

तर आजचा हिशेब. मी आलो तेव्हा निव्वळ खोट २,०६,००० होती. आज ती १,७०,००० आहे. ती सगळी भरून निघेल असे मी आपणांस सांगत नाही. पतसंस्थेचे हप्ते तो आता एका दुकानात नोकरी करून फेडतो आणि नावांचे काम रात्री तासभर करतो. त्याच्याकडे तीस नावे आहेत. त्यांपैकी एक आमच्या वडिलांच्या दुकानाच्या नावाचे आहे. दुकान १९९८ साली बंद झाले. परवा कल्याणच्या एका आडनावबंधूंनी त्या नावाचा देकार पाठविला, तीनशे डॉलरांचा. हलक्या नावास तो चांगला देकार आहे आणि माझ्याच नियमाप्रमाणे त्याच दिवशी उत्तर द्यावयास हवे होते. पुतण्याने विचारले, "काका, काय सांगू?" मी अजून सांगितलेले नाही. ते गृहस्थ ज्ञातीचे असून कदाचित या सभेतही असतील.

वही मी सोबत आणली आहे. ज्यांस ती पाहावयाची असेल त्यांनी जेवणानंतर मागच्या दालनात यावे. पुतण्याही तेथे असेल, आणि संगणकाचे प्रश्न त्यासच विचारावेत.